अरण्य आणि पर्जन्य

पाऊस पडतो म्हणून अरण्य वाढतें, कीं अरण्य आहे म्हणून पाऊस पडतो? भूगोलाच्या तासाला हा प्रश्न विचारला असतां बहुतेक विद्यार्थी पहिल्या पक्षास मिळतात, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस नकाशावर जो गडद हिरवा पट्टा दाखविलेला असतो, त्याचें कारण तेथील उष्णता व विपुल पर्जन्य हेंच पाठ्यपुस्तकांत सांगितलेलें असतें. तें कारण खरें आहे. परंतु तें अर्धेंच सत्य होय. दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्याचा गेल्या पन्नास वर्षांत जो अभ्यास झाला, त्यानें उरलेलें अर्धें सत्य उजेडांत आणिलें आहे. तें आपल्या विद्यार्थ्यांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एक कबुली देणें आम्हांस अवश्य वाटतें. ॲमेझॉनचें अरण्य म्हणजे पृथ्वीचीं फुप्फुसें असून जगाच्या प्राणवायूचा पांचवा हिस्सा तें पुरवितें, असें आम्ही कित्येक वर्षें वर्गांत सांगत आलों. वाक्य सुबक होतें, मुलांस चटकन् पाठ होई व उत्तरपत्रिकेंत शोभूनही दिसे. पण तें चुकीचें आहे. झाडें दिवसा जो प्राणवायु सोडतात, जवळजवळ तितकाच त्यांच्या स्वतःच्या श्वसनांत आणि गळलेलीं पानें व पडलेलीं लाकडें कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या श्वसनांत खर्ची पडतो. शिल्लक म्हणण्यासारखें कांहीं उरत नाहीं. वातावरणांतील प्राणवायूचा सांठा कोट्यवधि वर्षांत जमलेला आहे. ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं हें चुकीचें शिकविलें, त्यांची क्षमा मागून पुढें जातों. चूक सुधारल्यानें त्या अरण्याचें महत्त्व कमी होत नाहीं. त्याचें खरें स्थान मात्र कळतें. तें महत्त्व प्राणवायूंत नसून पाण्यांत आणि कर्बांत आहे.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेऊं. या अरण्याचा विस्तार सुमारें ५५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. आपल्या संपूर्ण भारताचें क्षेत्रफळ सुमारें ३३ लक्ष चौरस किलोमीटर आहे, यावरून त्याची कल्पना यावी. ब्राझील, पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया आदि आठ स्वतंत्र राष्ट्रांत व फ्रान्सच्या ताब्यांतील फ्रेंच गियानांत तें पसरलें असून त्याचा सुमारें तीन-पंचमांश भाग एकट्या ब्राझीलकडे आहे. पूर्वेस अटलांटिक महासागर आणि पश्चिमेस अँडीज पर्वताची उंच भिंत, अशी या खोऱ्याची रचना आहे. वारे बहुतेक पूर्वेकडून, म्हणजे समुद्रावरून, आंत वाहतात.

येथेंच एक कोडें उत्पन्न होतें. समुद्रावरून निघालेला वारा वाटेंत पाऊस पाडीत चालला, तर हजार-दोन हजार किलोमीटर जाईपर्यंत त्यांतील पाणी संपून जावयास पाहिजे. प्रत्यक्षांत अँडीजच्या पायथ्याशीं असलेल्या अरण्यांतही मुसळधार पाऊस पडतो. हें पाणी येतें कोठून?

एनेआस सालाती नांवाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत याचें उत्तर शोधलें. त्यांची युक्ति विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाण्याचे सर्व कण सारख्या वजनाचे नसतात. थोड्या कणांतील प्राणवायूचा अणु इतरांहून जड असतो. ढगांतून पाऊस पडूं लागला म्हणजे जड कण अधिक प्रमाणांत आधीं गळतात. म्हणून वारा जसजसा आंत जाईल, तसतसें पावसाचें पाणी हलकें होत गेलें पाहिजे. सालाती यांनीं अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पश्चिमेकडे ठिकठिकाणच्या पावसाचें पाणी गोळा करून तपासलें, तों ही घट अपेक्षेहून फारच थोडी आढळली. याचा अर्थ असा कीं, खालीं पडलेलें पाणी जड कणांसह पुनः कोणी तरी वर पाठवीत होतें. तें काम झाडांचें होतें. मुळांनीं शोषलेलें पाणी पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून बाष्परूपानें हवेंत जातें. एक मोठा वृक्ष एका दिवसांत शेंकडों लिटर पाणी असें वर चढवूं शकतो. त्याचेच पुढें ढग होतात व तें पश्चिमेस पुनः पाऊस होऊन पडतें. खोऱ्यांतील सुमारें निम्मा पाऊस अशा रीतीनें अरण्यानेंच परत केलेल्या पाण्याचा असतो, असें त्यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलें. समुद्रापासून अँडीजपर्यंतच्या प्रवासांत तेंच पाणी पांच-सहा वेळां पडतें आणि पुनः चढतें. रहाटाचे पोहरे एकामागून एक भरतात व रितें होऊन पुनः खालीं जातात, तसाच हा व्यवहार आहे. भेद इतकाच कीं, येथें रहाट ओढणारा बैल म्हणजे सूर्य आणि पोहरे म्हणजे कोट्यवधि वृक्ष.

हें उपकारी चक्र अरण्याच्या सीमेवर थांबत नाहीं. अँडीज पर्वतास अडून बाष्पानें भरलेली हवा दक्षिणेकडे वळते व पॅराग्वे, दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिना येथील शेतांवर पाऊस पाडते. या अदृश्य प्रवाहांस तेथील लोक उडत्या नद्या म्हणतात. ज्या शेतकऱ्यानें ॲमेझॉनचें अरण्य जन्मांत पाहिलें नाहीं, त्याचेंही पीक असें त्या अरण्यावर अवलंबून असतें.

आतां मनुष्यानें काय केलें तें पाहूं. १९७० सालीं ब्राझीलच्या तत्कालीन लष्करी सरकारनें अरण्य कापीत जाणाऱ्या हमरस्त्याचें काम आरंभिलें. रस्त्यास फांटे फुटले, फांट्यांच्या दुतर्फा झाडें पडलीं, आणि आकाशांतून काढलेल्या चित्रांत माशाच्या सांगाड्यासारखी आकृति दिसूं लागली. झाडें तोडावीं, वाळूं द्यावीं, जाळावीं व तेथें गुरांसाठीं कुरण करावें, हा तेथील मुख्य क्रम होय. त्याच्या जोडीस सोयाबीनची शेती, लाकूडतोड व सोन्याच्या खाणी आल्या. रबराचा चीक काढून पोट भरणाऱ्या मजुरांचा पुढारी शिको मेंदिस यानें या तोडीस शांततेच्या मार्गानें विरोध केला. २२ डिसेंबर १९८८ रोजीं त्याच्या घराशींच त्याचा गोळी घालून खून करण्यांत आला. २००४ सालीं ब्राझीलमध्यें एका वर्षांत २७,७०० चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य तुटलें. गोवा राज्याचें क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका वर्षांत सात गोव्यांहून अधिक अरण्य नाहींसें झालें.

या तोडीस दुसऱ्या संकटाची जोड मिळाली, तें म्हणजे तापत चाललेलें हवामान. जगभर कोळसा व खनिज तेल जाळल्यानें वातावरणांत कार्बन डायऑक्साइड सांठला व पृथ्वीची उष्णता वाढली. ॲमेझॉनच्या खोऱ्यांत २००५, २०१०, २०१५-१६ आणि २०२३-२४ असे तीव्र अवर्षणाचे प्रसंग वीस वर्षांत आले. मानाउस शहरीं रिओ नेग्रो नदीच्या पातळीची नोंद १९०२ पासून ठेविली जाते. तींतील सर्वांत नीच पातळी २०२३ सालीं नोंदली गेली, आणि लगेच २०२४ सालीं तोही नीचांक मोडला. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत तेफे सरोवराचें उथळ झालेलें पाणी सुमारें ४० अंश सेल्सियसपर्यंत तापलें, व शंभराहून अधिक गोड्या पाण्यांतील डॉल्फिन तेथें मरून पडले. ज्या नद्या हेच तेथील रस्ते, त्याच आटल्यामुळें कांठच्या गांवांस अन्न व औषधें पोंचणें कठीण झालें.

हीं दोन संकटें वेगवेगळीं राहिलीं असतीं तर कदाचित् अरण्यानें तीं सोसलीं असतीं. परंतु तीं एकमेकांस बळ देतात. कुरणांतील गवताचीं मुळें उथळ असल्यामुळें कोरड्या ऋतूंत तें वृक्षाइतकें पाणी वर चढवूं शकत नाहीं. बाष्प घटलें कीं पश्चिमेचा पाऊस घटतो, कोरडा ऋतु लांबतो, आणि एरवीं ओलाव्यामुळें पेट न घेणारें अरण्य वणव्याच्या भक्ष्यस्थानीं पडतें. जळालेल्या वृक्षांतील कर्ब हवेंत जाऊन उष्णता आणखी वाढवितो. लुसियाना गाती या ब्राझिलियन विदुषीनें २०१० ते २०१८ पर्यंत विमानांतून हवेचे नमुने गोळा करविले. त्यांवरून आग्नेय ॲमेझॉन शोषितो त्याहून अधिक कर्ब बाहेर टाकतो, असें २०२१ सालीं सिद्ध झालें. जो भाग जगाचा कर्ब सांठवीत होता, तोच आतां तो सोडूं लागला आहे.

यामुळेंच टॉमस लव्हजॉय व कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं गंभीर इशारा दिला. मूळ अरण्यापैकीं शेंकडा २० ते २५ भाग तुटला, तर खोऱ्याचा मोठा भाग आपला पाऊस आपण राखूं शकणार नाहीं व विरळ झाडांचें गवताळ रान होऊन बसेल, असा त्यांचा अंदाज होता. शेंकडा सुमारें १७ भाग तेव्हांच तुटला होता. येथें आमच्या मूळ प्रश्नाचें मर्म आहे. अरण्य हें नुसतें पावसाचें अपत्य असतें, तर निम्मीं झाडें तोडूनही उरलेलीं निम्मीं उभीं राहिलीं असतीं. पण तें पावसाचें भागीदारही आहे; आणि भागीदाराचें भांडवल एका मर्यादेखालीं गेलें कीं सर्व पेढीच बुडते.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. २००४ सालच्या त्या भयंकर तोडीनंतर ब्राझीलच्या सरकारनें मारिना सिल्वा या मंत्रिणीच्या पुढाकारानें उपग्रहांच्या साह्यानें पाहरा ठेविला, राखीव अरण्यें वाढविलीं व बेकायदा तोडीवर दंड बसविले. २०१२ पर्यंत वार्षिक तोड सुमारें ४,६०० चौरस किलोमीटरांवर आली. पुढें पाहरा ढिला झाला, तेव्हां २०२१ सालीं ती १३,००० वर गेली. पुनः पाहरा बसला, आणि २०२४ सालीं सुमारें ६,३०० वर उतरली. हे आंकडे नीट वाचणाऱ्यास कळेल कीं, तोड ही दैवगति नाहीं. मनुष्य मनांत आणील तर ती थांबवूं शकतो. मूळच्या आदिवासी लोकांच्या हक्काच्या मुलखांत तर तोड आसपासच्या मानानें फार कमी झाली आहे.

आपल्या सह्याद्रीस हा धडा लागू आहे काय? जपून उत्तर दिलें पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा व डोंगराच्या उंचीचा आहे. तेव्हां ॲमेझॉनचें गणित येथें जसेंच्या तसें लावणें भूगोलाच्या विद्यार्थ्यास शोभणार नाहीं. परंतु मुंबई येथील आय. आय. टी. मधील संशोधकांनीं २०१८ सालीं असें दाखविलें कीं, पश्चिम घाटांतील अरण्यांनीं हवेंत सोडलेल्या बाष्पाचा तामिळनाडूच्या नैर्ऋत्य मोसमी पावसांत महत्त्वाचा वाटा असतो. घाटांतील वृक्ष पडला, तर त्याची उणीव शेंकडों कोसांवरील शेजाऱ्याच्या शेतांत दिसूं शकते.

पवित्र शास्त्रांत पहिल्या मनुष्यास बाग देतांना तिची मशागत आणि तिची राखण, अशीं दोन कामें सोंपविल्याचें वर्णन आहे. मशागतीचें काम आपण उत्साहानें केलें. राखणीचें काम मागें पडलें. आपला शेजारी कोण, हा प्रश्न प्रभूस एकदां विचारण्यांत आला होता. ज्याच्या शेतावरचा पाऊस आपल्या रानांतून जातो, तो आपला शेजारी, असें उत्तर आज भूगोलही देत आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं तें उत्तर पाठ करूं नये. तें पडताळून पाहावें, आणि आमच्या शिकविण्यांत पुनः चूक आढळल्यास निर्भयपणें दाखवून द्यावी.