मॉरिशसला जाताना दुपारचं जेवण आधीच विकत घेऊ नका

मॉरिशसची सहल ठरवताना आपण किनारा कोणता, खोलीतून समुद्र दिसतो का, विमान किती वाजता उतरतं यावर घरात चार-चार दिवस खल करतो. जेवणाचा निर्णय मात्र एका क्षणात होतो: तिन्ही वेळचं हॉटेलातच, सगळं धरून. अनुभवान्ती माझं ठाम मत झालं आहे की सहलीतला सगळ्यात महागात पडणारा निर्णय हाच असतो. पैशांचं नुकसान त्यातला लहान भाग आहे. एकदा पैसे भरले की बाहेर खाल्लेला प्रत्येक घास उधळपट्टी वाटू लागतो. मग माणूस दुपारी भटकंती अर्धी टाकून बुफेच्या वेळेसाठी परत येतो, आणि त्या बुफेत पास्ता, पिझ्झा, पनीर बटर मसाला असं जगात कुठेही मिळणारं जेवण मांडलेलं असतं. बेट पाहून होतं, बेटाची चव राहून जाते.

ही चव हुकू नये असं मी आग्रहाने म्हणतो, कारण मॉरिशसचं जेवण हा त्या बेटाचा इतिहासच आहे आणि त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. 1598 मध्ये डच तिथे उतरले तेव्हा बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. म्हणजे आज तिथल्या ताटात जे आहे ते कुणी ना कुणी बाहेरून आणलेलं आहे. ऊस आणि हरणं डचांनी जावाहून आणली. पुढे फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. ब्रिटिशांच्या काळात, 1834 पासून, करारबद्ध भारतीय मजूर येऊ लागले. पुढच्या काही दशकांत पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर सुमारे साडेचार लाख माणसं उतरली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, पण मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली मराठी माणसंही त्यांत होती, आणि गणेश चतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या मळ्यांवरच्या या लोकांना शिध्यात मुख्यतः तांदूळ आणि डाळ मिळे. तिथली दालपुरी त्याच डाळीची आहे: शिजवून भरडलेली डाळ मैद्याच्या पारीत भरायची आणि अगदी पातळ लाटून तव्यावर भाजायची. गूळ न घातलेली, जिऱ्या-हळदीची पुरणपोळी म्हटलं तरी चालेल. दोन पुऱ्यांची जोडी, आत डबल बीची आमटी, टोमॅटोचा रुगाय, लोणचं आणि मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून हातात देतात. डाळीचे कुरकुरीत छोटे वडे म्हणजे गातो पिमा. तिथली माणसं ते सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. चिनी स्थलांतरितांनी नूडल्स आणले, तमिळांनी लग्नात केळीच्या पानावर वाढायच्या सात भाज्या आणल्या. सब्जा आणि दूध घातलेला थंड आलुदा पोर्ट लुईच्या बाजारात उभ्यानेच प्यायचा असतो. अळूचं आणि शेवग्याच्या पाल्याचं कालवण तर तिथल्या घरांत रोजचंच. या गोष्टी हॉटेलात क्वचित ‘स्थानिक रात्र’ म्हणून मांडतात, पण तव्यावरून उतरलेली दालपुरी आणि तासभर झाकून ठेवलेली दालपुरी या दोन निराळ्या वस्तू आहेत.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो पोटाचा: परदेशात गाडीवरचं खाऊन आजारी पडलो तर? शंका रास्त आहे, पण धोका नेमका कुठे असतो ते पाहायला हवं. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान बराच वेळ राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. गर्दीच्या गाडीवर पुरी समोर भाजली जाते आणि लगेच खाल्ली जाते. माल बहुधा दुपारपर्यंत संपतोही. उलट बुफेतलं भांडं खालून नीट तापलेलं नसेल, तर त्यातला भात आणि आमटी त्याच धोक्याच्या पट्ट्यात तासन्‌तास असू शकतात. सगळी हॉटेलं निष्काळजी असतात असं मी म्हणत नाही. चकचकीत भांडं म्हणजे सुरक्षित अन्न हे समीकरण चुकीचं आहे, एवढंच. म्हणून गाडी असो की बुफे, कसोटी एकच ठेवा: पदार्थ वाफाळता आहे का आणि भराभर खपतो आहे का. पाणी बाटलीतलं प्या. अननस आधी कापून ठेवलेला घेऊ नका, समोर सोलून घ्या. तिखट-मीठ लावलेला तिथला छोटा व्हिक्टोरिया अननस चुकवू नये असा असतो.

मासे खाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. उष्ण समुद्रातल्या प्रवाळ खडकांवर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालातलं विष लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातं. याला सिग्वाटेरा म्हणतात. हे विष शिजवून जात नाही, तळून जात नाही, चवीवरून कळतही नाही. उलट्या-जुलाबांनंतर हातापायांना मुंग्या येतात, गार वस्तू चटका बसल्यासारखी भासते, आणि हा त्रास कधी आठवडे टिकतो. म्हणून खडकांतला मोठा शिकारी मासा, विशेषतः बाराकुडा, हौसेखातर खाऊ नका आणि ओळख नसलेल्या बोटवाल्याने पकडून भाजून दिलेला मोठा मासा नम्रपणे नाकारा. टूनाची गोष्ट वेगळी आहे. तो पकडल्यापासून बर्फात नसेल तर त्यात हिस्टामिन तयार होतं. खाताना जीभ चुरचुरली तर ताट तिथेच बाजूला सारा.

शाकाहारी मंडळी म्हणतात, आमच्यासाठी हॉटेलच बरं. माझ्या मते मॉरिशसच्या बाबतीत हे उलटं आहे. तिथली जवळपास निम्मी वस्ती हिंदू आहे आणि दालपुरी, गातो पिमा, फराटा (म्हणजे पराठा) हे मुळातच शाकाहारी. सावध राहायचं ते रुगायमध्ये कधी पडणाऱ्या खारवलेल्या माशापासून आणि नूडल्समधल्या सॉसपासून. ‘मो पा मांझ लाव्यान, पा मांझ प्वासों’, म्हणजे मी मांस खात नाही, मासे खात नाही, एवढं क्रिओल पाठ केलं तरी काम भागतं. लहान मुलं बरोबर असतील तर ‘सां पिमा’ म्हणा, मिरची वगळून देतात. आजी-आजोबांना रोज वरण-भात लागत असेल तर रात्री हॉटेलात खुशाल घ्यावा. माझा आग्रह दुपारपुरता आहे.

तेव्हा खोली घेताना फक्त नाश्ता, किंवा फार तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण घ्या. सहल कंपनीमार्फत जात असाल तर दुपारच्या ‘इंडियन लंच’चे पैसे वगळता येतात का हे पैसे भरण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. मग भटकंती बाजाराच्या वारांप्रमाणे लावा: सोमवारी माहेबूर्ग, बुधवारी किंवा रविवारी फ्लाक, गुरुवारी कात्र बोर्न. रविवारी दुपारी पोर्ट लुई ओस पडतं, त्यामुळे तिथला बाजार आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा आणि दालपुरीच्या रांगेत बारा वाजायच्या आत उभे राहा.