तज्ज्ञाचे मत आणि न्यायाधीश

पुराव्याचा कायदा शिकविताना तज्ज्ञांचे कलम आले की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. न्यायाधीश डॉक्टर नव्हे, हस्ताक्षरांचा जाणकारही नव्हे. मग त्याने तज्ज्ञाचे मत मुकाट्याने का मानू नये? प्रश्न रास्त आहे. १८७२ च्या कायद्यातील हे ४५ वे कलम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ३९ वे झाले. तज्ज्ञाचे मत संबद्ध असते, एवढेच दोन्ही कायदे म्हणतात. ते बंधनकारक आहे असे नव्हे.

हा भेद किती मोलाचा, हे इंग्लंडमधील सॅली क्लार्क खटल्यावरून कळते. तिची दोन तान्ही मुले, एक १९९६ त आणि दुसरे १९९८ त, अचानक दगावली. तिच्यावर खुनाचा खटला झाला. विख्यात बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी सांगितले की, अशा सुस्थित घरात एक मूल आकस्मिक जाण्याचा संभव ८,५४३ त एक, म्हणून दोन जाण्याचा सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरविले.

हा आकडा आला कोठून? ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून! असा गुणाकार दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नसेल तरच चालतो. पण सख्ख्या भावांचे रक्त एक, घर एक. पहिल्याला जे भोवले ते दुसऱ्यालाही भोवू शकते. शिवाय आईने पोटची दोन मुले मारणे हेही अतिदुर्मिळच. तुलना त्या दोन दुर्मिळ गोष्टींची व्हावयास हवी होती. मेडो बालरोगांचे तज्ज्ञ होते, संख्याशास्त्राचे नव्हते. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, ती मुख्यतः दुसऱ्या मुलाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचावपक्षाला कळविले नव्हते म्हणून. पण तो आकडाही तशा रीतीने ज्यूरीपुढे यायला नको होता, असे अपील न्यायालय म्हणाले. तोवर तिने तीन वर्षे तुरुंगात काढली होती. २००७ मध्ये ती वारली.

म्हणून तज्ज्ञाला झिडकारावे असे मात्र मला वाटत नाही. मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत पुष्टीवाचून मानूच नये असा नियम नाही. सावधपणे त्याची कारणे तपासावीत. हिमाचल प्रदेशाच्या जयलाल खटल्यात (१९९९) बागांत किती सफरचंदे येऊ शकली असती याचा अंदाज तज्ज्ञाने दिला होता. न्यायालयाने विचारले ते एवढेच, की कोणत्या कसोटीवर?

मान द्यायचा तो कारणांना, पदवीला नव्हे, असे माझे मत. अडचण वेगळीच आहे. आपल्या फौजदारी प्रक्रियेत सरकारी प्रयोगशाळेतील ठराविक तज्ज्ञांचा अहवाल, तज्ज्ञ समोर न येताही पुरावा म्हणून वापरता येतो. न्यायालय त्यांना बोलावू शकते. पण बोलावलेच नाही, तर ‘कोणत्या कसोटीवर?’ हे विचारायचे कोणाला?