हिरो ओळखीचा, पण खेळ कसा? मुलांसाठी ॲप निवडताना 1993 सालचा एक धडा



मागच्या वर्षी आमच्या मुळशीतल्या शाळेला देणगीत टॅब मिळाले. सोबत गणिताचं एक ॲप होतं आणि त्यात मुलांच्या लाडक्या कार्टूनमधला हिरो. पहिल्या दिवशी वर्गात नुसता जल्लोष! तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की दुसरीतली एक मुलगी मुद्दाम चुकीचं उत्तर दाबतेय. विचारलं तर म्हणाली, "बाई, चुकलं की तो धपकन पडतो. बरोबर आलं की नुसत्या टाळ्या वाजवतो."

तिचं काय चुकलं? ज्यात मजा होती ते ती करत होती. चूक ॲप बनवणाऱ्यांची होती, आणि न तपासता ते वर्गात वापरणाऱ्या माझीही. हीच चूक तीस वर्षांपूर्वी एका फार मोठ्या कंपनीकडून झाली होती. ती गोष्ट आज सांगते, कारण तिच्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

गोष्ट चार गेमची

आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर, कॅसेट फुंकून फुंकून, मारिओ खेळला असेल. हा मारिओ जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा. त्यांचीच दुसरी गाजलेली मालिका म्हणजे झेल्डा. त्यात लिंक नावाचा हिरव्या अंगरख्यातला मुलगा तलवार घेऊन राज्य वाचवायला निघतो.

निन्टेन्डोला आपल्या यंत्राला सीडी चालवायची सोय जोडायची होती. आधी सोनीशी बोलणं झालं होतं. पण 1991 मध्ये निन्टेन्डोने सोनीला बाजूला ठेवून फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीने पुढे 1994 मध्ये स्वतःचं प्लेस्टेशन काढलं. फिलिप्ससोबतचं ते यंत्र काही बाजारात आलंच नाही. पण या व्यवहारातून फिलिप्सला निन्टेन्डोची काही पात्रं वापरायची परवानगी मात्र मिळाली.

फिलिप्सचं स्वतःचं यंत्र होतं सीडी-आय. टीव्हीला जोडायचं, त्यावर ज्ञानकोश बघायचा, संग्रहालय पाहायचं, लहान मुलांच्या शैक्षणिक डिस्क लावायच्या. थोडक्यात, घरबसल्या शिक्षण! पण सुरुवातीची किंमत बरीच जास्त. त्याच वर्षी अमेरिकेत आलेला सुपर निन्टेन्डो 199 डॉलरला मिळत होता.

या सीडी-आयसाठी झेल्डाचे तीन आणि मारिओचा एक गेम निघाला. 'लिंक: द फेसेस ऑफ ईव्हिल' आणि 'झेल्डा: द वाँड ऑफ गॅमेलॉन' हे 1993 मध्ये आले, 'हॉटेल मारिओ' 1994 मध्ये आला, आणि तिसरा झेल्डा 'झेल्डाज ॲडव्हेंचर'. आज यांची गणना वाईट गेममध्ये होते. लोक त्यातली विचित्र कार्टून-दृश्यं हसण्यासाठी बघतात. सीडी-आयही चाललं नाही आणि शेवटी बंद पडलं.

नेमकं बिघडलं कुठे?

1. *पात्र आलं, खेळ आला नाही.* हे गेम निन्टेन्डोच्या मूळ मंडळींनी बनवलेच नव्हते. लिंक तोच, अंगरखा तोच. पण मूळ खेळात जी शोधाशोध आणि युक्ती होती, ती नावासोबत आपोआप येत नाही.

2. *यंत्राचा स्वभाव वेगळा होता.* सीडी-आय चित्र आणि आवाज दाखवण्यासाठी चांगलं होतं. पटपट उड्या मारायच्या खेळाला मात्र ते नीट जमत नव्हतं, आणि त्याचा रिमोटही हातात तसा बसत नव्हता.

3. *भर दिसण्यावर होता.* सीडीत काय काय मावतं ते दाखवायचं, म्हणून मध्ये मध्ये कार्टून आणि बोलणं. खेळताना मात्र पडलेलं रत्न उचलायलाही त्यावर तलवार मारायची! बनवणाऱ्यांकडे माणसं कमी होती, वेळही कमी होता. हाताने रंगवलेली दृश्यं त्यांनी मेहनतीने केली होती, हे सांगितलंच पाहिजे.

आता गंमत बघा. त्याच 1993 मध्ये निन्टेन्डोने स्वतः 'लिंक्स अवेकनिंग' काढला, तो हातात मावणाऱ्या गेम बॉयवर. पडदा इवलासा, रंग नाहीत, फक्त चार छटा. बटणंही मोजकीच. तरी तो गेम लोकांच्या अजून आवडीचा आहे. हिरो तोच, वर्षही तेच. फरक होता तो खेळणाऱ्याला काय करायला मिळतं याचा.

आपण काय तपासायचं?

ॲप असो, कार्टूनचं मुखपृष्ठ असलेली वर्कबुक असो की शैक्षणिक खेळणं, मी आता हे प्रश्न विचारते:

- हिरोचं चित्र हाताने झाकलं, तरी मूल हे करत बसेल का?
- दहा मिनिटांत मूल किती वेळ नुसतं बघतं आणि किती वेळ स्वतः विचार करतं?
- चुकल्यावर काय होतं? का चुकलं ते कळतं, की फक्त गंमत दिसते?
- हेच चिंचोके, काड्या किंवा पाटीवर जास्त चांगलं होईल का?

शेवटच्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. ॲपमधली तीच बेरीज आम्ही चिंचोक्यांवर आणली. एकाने मुठीत चिंचोके लपवायचे. एकूण किती ते सगळ्यांना माहीत असतं. उरलेले बघून मुठीत किती ते दुसऱ्याने ओळखायचं. चुकलं की मूठ उघडून दोघांनी मिळून मोजायचं. मुद्दाम चुकण्यात आता काही मजा उरली नाही, कारण खरी मजा ओळखण्यातच होती. त्या मुलीने सुट्टी झाली तरी खेळ सोडला नाही.

टॅब आम्ही टाकून दिले नाहीत बरं का! मुलांचं वाचन त्यावर रेकॉर्ड करतो आणि त्यांनाच ऐकवतो. आपला आवाज ऐकून मुलं आपली चूक स्वतः पकडतात. त्या कामाला ते यंत्र उत्तम आहे.

पालकहो, मूल "मला तेच पाहिजे" म्हणून हट्ट करेल तेव्हा रागावू नका. त्याला हिरो आवडतो, यात गैर काही नाही. फक्त पैसे देण्याआधी दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसून स्वतः खेळून बघा. तुम्हाला कंटाळा आला, तर त्यालाही चार दिवसांत येणारच आहे.