बिल्ला असली की नकली?

कोणी तिकिटं जमवतं, कोणी नाणी. मी सैन्याचे जुने बिल्ले जमवते, म्हणजे टोपीवर लावायचे कॅप बॅज. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे तोंडात ‘बॅज’च बसला होता, पण भंडाऱ्यात आल्यापासून ‘बिल्ला’ हाच शब्द जास्त आवडायला लागला. ह्या छंदात नकली मालाचा सुळसुळाट फार. पण घाबरू नका, ओळखायला लागणारं बरंचसं ज्ञान आपण वर्कशॉपमध्ये आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये शिकलेलोच आहोत. फक्त ते वापरायचं कसं, एवढंच ह्या लेखात सांगते.

१) मुकुट पाहा : १९०१ ते १९५२ ह्या काळात ब्रिटनच्या गादीवर राजे होते. त्या काळच्या बिल्ल्यांवरच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात. एलिझाबेथ राणी १९५२ साली गादीवर आली, तिच्या मुकुटाच्या कमानी मध्ये दबलेल्या. पण आपला देश २६ जानेवारी १९५० लाच प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले! म्हणजे एलिझाबेथचा मुकुट असलेला भारतीय पलटणीचा बिल्ला कोणी दाखवला तर सरळ हात जोडा. (व्हिक्टोरिया राणीचा मुकुट आणखी वेगळा, तो चित्रात नीट पाहून ठेवा.)

२) पाठ पाहा : डायमध्ये पत्रा दाबून केलेल्या बिल्ल्याला पुढे जिथे उठाव, तिथे मागे खळगा असतो. रेषा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ बहुधा सपाट, बारीक छिद्रांची, आणि अक्षरं साबणासारखी झिजल्यागत दिसतात. मागच्या कड्यांचं डाखही पाहा. बिल्ला काळवंडलेला आणि डाख चकचकीत, असं असेल तर विचारा, का बुवा?

३) व्हर्नियर लावा : असली बिल्ल्यावरून साचा घेऊन पितळ ओतलं की थंड होताना ते सुमारे दीड टक्का आकसतं. पॅटर्न मेकिंगमधला ‘श्रिंकेज अलाउन्स’ आठवतो ना? ४० मिलिमीटरचा बिल्ला ०.६ मिलिमीटरने लहान होतो. डोळ्याला कळणार नाही, व्हर्नियरला कळतं.

४) आर्किमिडीजला बोलवा : बिल्ला हवेत १७ ग्रॅम भरला आणि पाण्यात बुडवून १५, तर घनता ८.५, म्हणजे पितळ. तोच पाण्यात १४.५ भरला तर ६.८, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा असण्याची शक्यता जास्त. लोहचुंबकाला चिकटला तर हिशोबच नको.

५) झीज पाहा : खरी झीज उंच भागावर असते, खाचेत नाही. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर तो बहुतेक अ‍ॅसिडचा.

मात्र एक सावधगिरी. आपल्याकडे पूर्वी पलटणी छावणीजवळच्या बाजारातूनही बिल्ले ओतून घेत. म्हणून ओतीव दिसला की नकली, असा एका वाक्यात निकाल देऊ नका. पाचही कसोट्या एकत्र लावा.

सर्वात जास्त डोळे उघडे ठेवायला हवेत ते महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्याबाबत. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारकडे आग्रह धरला होता. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. १९४६ साली ह्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या जवळच कामठीला होतं. स्तंभाच्या बिल्ल्याला मागणी मोठी, म्हणून नकलाही होणारच. आठवण म्हणून केलेली प्रत प्रत म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. पण तीच प्रत एखाद्याच्या आजोबांची म्हणून विकणं म्हणजे त्या माणसाच्या नोकरीची, घामाची चोरी.

आणि ह्याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. नकली बिल्ला काचेच्या कपाटात बसतो आणि असली बिल्ला जुन्या गडव्याबरोबर मोडीत जातो! तराजूला पितळ तेवढं कळतं, पलटण कळत नाही. एकदा भट्टीत गेला की संपलं. तेव्हा सुट्टीत घरी गेलात की आजीची पेटी एकदा उघडून पाहा. बिल्ला सापडला तर चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा. कोणाचा, कोणत्या पलटणीचा, हे घरातल्या मोठ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी सोबत ठेवा.

शेवटचं. बिल्ला जमवा, पण लावून मिरवू नका. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तो वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. तो मान ज्याने कमावला त्याचाच. आपण फक्त राखणदार.

कोणाला शंका असेल तर होस्टेलवर या. व्हर्नियर माझा, बिल्ला तुमचा!