घाटातच गाडी मिसिंग का मारते?

प्रश्न : माझ्या जुन्या आरएक्स 100ला मी सडपातळ टाकी बसवली. ती नीट बसावी म्हणून मेकॅनिकने टाकीखालची कॉइल काढून सीटखाली नेली. उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. आता पावसात गावात गाडी ठीक चालते, पण कसाऱ्याहून घाट चढताना मिसिंग मारते. कॉइल लांब गेल्यामुळे करंट कमी पोहोचतो का?
– एक वाचक, इगतपुरी

उत्तर : हात-दीड हात लांबीने करंट आटत नाही, तो वाटेत गळतो. सीडीआयकडून आलेले दोन-तीनशे व्होल्ट कॉइल दहा-वीस हजारांपर्यंत चढवते. सपाट रस्त्यावर ठिणगी पडायला एवढे लागतही नाहीत. घाटात मात्र तुम्ही ॲक्सिलरेटर पिळता, सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि प्लगची तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. अशा वेळी प्लगची वायर ओली असेल, चिरलेली असेल, तर करंटला प्लगपेक्षा चेसिसची वाट सोपी पडते. कसारा घाटाचा चढ असा, की रेल्वेगाडीलाही मागून बँकर इंजिन जोडावं लागतं. आणि इगतपुरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. कच्चं काम उघडं पडायला याहून चांगली जागा नाही!

माझा पहिला संशय वायरीच्या जोडावर आहे. मूळ वायर पुरली नसणार, म्हणून मध्ये तुकडा जोडून वर टेप गुंडाळली असेल. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरीवर आणि प्लग कॅपवर पाण्याचा हलका फवारा मारा. गळती असेल तिथे निळी ठिणगी चटचटताना दिसेल. हात मात्र लावू नका.

दुसरा संशय अर्थिंगचा. या कॉइलला सीडीआयकडून एकच वायर येते. परतीची वाट कॉइलच्या लोखंडी गाभ्यातून, बोल्टमधून चेसिसला जाते. सीटखाली कॉइल बसवायला लावलेल्या नव्या पट्टीला पावडर कोटिंग केलं असेल, तर रंगाच्या थराने ती वाट अडते. बोल्टखालचा रंग खरवडा, नाहीतर कॉइलच्या बोल्टपासून इंजिनपर्यंत वेगळी अर्थ वायर टाका.

सीटखालची जागा मला मुळात पसंत नाही. मॉडिफाय करताना मागचा मडगार्ड बहुतेक जण कापतात, मग चाकाने उडवलेला सगळा चिखल कॉइलवरच. टाकीखालच्या नळीला छोटी पट्टी लावून कॉइल आडवी बसवता येते का, ते आधी पाहा. बहुतेक वेळा येते. नाहीच जमलं, तर पुरेशा लांबीची अखंड वायर असलेली कॉइल घ्या, पण ती सीडीआयचीच हवी. पॉइंटवाल्या गाडीची कॉइल इथे चालणार नाही.

आणि टाकी उतरवलेली असताना, पेट्रोलचा पाइप उघडा ठेवून ठिणगी तपासू नका.