नावात एआय नको, हाताला नेटवर्क कळू द्या

बारावीचा निकाल लागला की परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडहून तोच फोन येतो. "सर, पुण्यात एआयला नंबर लागेल ना? दोन एकर काढायची तयारी आहे." काढू नका. शाखेच्या नावात एआय आहे म्हणून मुलाच्या हाताला काम येत नाही.

सीईटी, कॅप राउंड, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, पॉलिटेक्निक, बीएससी या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते कुणीच विचारत नाही अशा कामाबद्दल: शेकडो ठिकाणची माहिती त्याच क्षणी, न हरवता, हवी तिथे पोचवणं.

आपल्या महसूल मंडळातलं 'महावेध'चं हवामान केंद्र पाहिलंय का? २०१७ पासून राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद दर दहा मिनिटांनी निघते. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरतात. आता विचार करा. ऐन पावसात वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, तर त्या नोंदींचं काय? केंद्रानं त्या वेळेसकट जपून ठेवायच्या, रेंज आली की पाठवायच्या, आणि एकच नोंद दोनदा आली तर पलीकडच्या संगणकानं ती एकदाच मोजायची. हे नीट बांधणारा माणूस लागतो. शेतकऱ्याची भरपाई ठरवताना तो आकडाही पाहतात. शेअर बाजार, रेल्वे, यूपीआय, सगळीकडे हीच विद्या लागते. एआयलासुद्धा आधी माहिती पोचावी लागते.

ती शिकायला जमीन विकावी लागत नाही. लिनक्स, नेटवर्किंग, डेटाबेस आणि एक प्रोग्रामिंग भाषा पक्की करा. मग माहिती पोचवण्याची दोन साधनं: एमक्यूटीटी आणि काफ्का. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती महागड्या उपग्रह जोडणीवरून पाठवण्यासाठी तयार झालं. कच्च्या रेंजच्या आपल्या भागाला ते चपखल बसतं. ही दोन्ही साधनं फुकट मिळतात. तीन जुने संगणक जोडून एकमेकांना नोंदी पाठवा, मधेच एकाची केबल काढा आणि परत लावल्यावर नोंदी जुळतात का ते पाहा. तीन-तीन रात्री यात रमणारं पोर कुठल्याही कॉलेजातून पुढे जाईल. ज्याला कंटाळा येईल, त्याला यात ढकलू नका.

पालकांनो, शेजारच्या मुलाचं पॅकेज घरात रोज उगाळणं आजपासून बंद करा. त्या धाकानं पोरं पसंतीक्रम भरतात आणि दुसऱ्या वर्षाला विषय राहिले की घरी सांगतही नाहीत. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत पाहू नका. मुलांना नेटवर्क लॅब आठवड्यातून किती तास उघडी मिळते, ते तिथल्या मुलांनाच विचारा. उत्तर मिळेपर्यंत सातबारा कपाटातच राहू द्या.