भेगाळलेल्या लाकडाचे पात्र

शास्त्रपाठ : यिर्मया १८:१–६, १९:१०–११, लेवीय १५:१२, गलती ६:१–२, २ तीमथ्य २:२०–२१

मुख्य विचार : भेग लपवू नये, भेगेमुळे लाकूड टाकूही नये, परंतु त्यासाठी वेळ द्यावा लागतो.



कुंभाराचा पाठ आपणां सर्वांना ठाऊक आहे. शब्बाथशाळेत मातीचा गोळा आणून तो शिकवला नाही असा शिक्षक विरळाच. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात चाकावर बिघडलेले पात्र कुंभार पुन्हा घडवतो, कारण माती अजून ओली आहे. परंतु लगेच पुढच्या अध्यायात भाजलेले मडके फोडले जाते, आणि ते पुन्हा सांधता येत नाही. हे दोन पाठ शिकवताना आमच्या मनात नेहमी एक प्रश्न येई. आपल्या मंडळीत पुष्कळ माणसे अशी आहेत की जी आता ओली माती राहिलेली नाहीत. चाळिशी उलटली, सवयी पक्क्या झाल्या, आयुष्याला तडा गेला. त्यांच्यासाठी फुटणे एवढेच उरले काय?

नियमशास्त्रात एका तिसऱ्या पात्राचा उल्लेख आहे. लेवीय १५:१२ मध्ये अशुद्ध झालेले मातीचे भांडे फोडावे, पण लाकडाचे भांडे पाण्याने धुवावे, असा भेद केला आहे. हा नियम विधीच्या शुद्धतेचा आहे, म्हणून त्यातून ओढूनताणून सिद्धांत काढणे बरे नव्हे. तरी लाकूड हे मातीहून निराळे आहे, त्याला वागवण्याची रीत निराळी आहे, एवढे त्यातून नक्की दिसते. ती रीत आम्ही पुस्तकात नव्हे, एका खरादीच्या दुकानात शिकलो.

१. लाकूड का चिरते?

उज्जैनमध्ये फ्रीगंजातील आमच्या घरामागे चिंचेचे जुने झाड होते. एका वर्षी मार्च महिन्यात त्याची मोठी फांदी तोडावी लागली. ओंडका अंगणात पडून राहिला. माळव्याचे एप्रिल-मे महिन्यांचे ऊन त्याने अंगावर घेतले, आणि जूनपर्यंत त्याच्या दोन्ही तोंडांवर चांदणीसारख्या भेगा पडल्या. सुताराने पाहून सांगितले, "जाळायला ठेवा." आम्ही तो हातगाडीवर घालून रेल्वेच्या पुलापलीकडे एका वृद्ध खरादीकडे नेला. मराठीत ज्याला कातारी म्हणतात, तोच इकडचा खरादी.

लाकूड खरादीवर फिरवून वस्तू करण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. कोकणात सावंतवाडीची लाकडी खेळणी, आणि इकडे नर्मदाकाठच्या बुधनीची लाखेने रंगवलेली खेळणी प्रसिद्ध आहेत. बुधनीचे कारागीर दुधी नावाच्या झाडाचे पांढरट, मऊ व एकसारखे लाकूड वापरतात. चिंच, बाभूळ, शिसव यांची गोष्ट वेगळी. ही लाकडे घट्ट. आतली ओल त्यांतून सावकाश बाहेर येते.

ओल जाताना लाकूड आकसते, परंतु सर्व बाजूंनी सारखे नाही. गाभ्यापासून सालीकडे ते जितके आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वर्तुळांच्या दिशेने आकसते. शिवाय वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच राहतो. बाहेरचा भाग आवळू पाहतो, आतला त्याला आवळू देत नाही. या ताणातून भेग पडते. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून ओल सर्वांत झपाट्याने निघते, म्हणून भेगांची सुरुवात तेथून होते. जाणते लोक झाड पडल्याबरोबर दोन्ही तोंडांना मेण लावतात आणि ओंडका गाभ्यातून उभा चिरून ठेवतात. आम्ही यांतले काहीच केले नव्हते. म्हणजे ती भेग लाकडाचा दोष नव्हता. त्याला उन्हात टाकून देणाऱ्यांचा दोष होता.

२. घाईचा वाडगा

खरादीबाबांनी ओंडका चिरला. प्रत्येक तुकड्यावर बोटांनी टकटक करून ते कान लावीत. अखंड लाकूड खणखणीत बोलते. आत फट असली तर आवाज बद्द येतो. तीन तुकडे त्यांनी निवडले.

आम्हांला हंगामाच्या सणासाठी दानपात्र हवे होते आणि सण दोन आठवड्यांवर आला होता. बाबा म्हणाले, "मास्तरसाहेब, हे वरून वाळले आहे, आतून ओले आहे. आज पूर्ण केले तर टिकणार नाही." आम्ही आग्रह धरला. त्यांनी नाइलाजाने वाडगा कातून दिला. दिसायला सुरेख होता. सणाच्या दिवशी सर्वांनी वाखाणला. महिन्याच्या आत तो काठापासून बुडापर्यंत उलला.

वाचकहो, वाडग्याची गोष्ट येथे थांबवून दुसरी सांगणे भाग आहे, कारण त्याच वर्षी आम्ही एका माणसाबाबत हेच केले. एक बंधू बरीच वर्षे दारूच्या आहारी गेला होता. प्रभूने त्याला स्पर्श केला आणि त्याने सर्वांसमोर साक्ष दिली. आम्हांला इतका आनंद झाला की दुसऱ्याच महिन्यात आम्ही त्याला मुलांच्या वर्गाची जबाबदारी दिली व दोन सभांत साक्ष सांगायला उभे केले. त्याची आतली ओल अजून गेली नव्हती. चार महिन्यांनी तो पुन्हा पडला. आणि ज्यांनी त्याला उभे केले होते, त्या आम्हीच त्याच्या घरी जाणे सोडले. पौल तीमथ्याला कोणावर हात ठेवण्याची घाई करू नकोस असे बजावतो (१ तीमथ्य ५:२२), ते आम्ही अनेकदा शिकवले होते. तो बंधू पडला यात त्याचा दोष होताच. पण त्याला उन्हात ठेवणारे आम्ही होतो.

३. दोनदा कातणे

दुसऱ्या तुकड्याबाबत आम्ही बाबांचे ऐकले. त्यांनी वाडगा ओबडधोबड कातला आणि त्याची भिंत मुद्दाम जाड ठेवली. रुंदीच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे दहा इंचांच्या वाडग्याला एक इंच. मग तो त्याच लाकडाच्या भुशात पुरून सावलीत ठेवला, म्हणजे ओल हळूहळू जाईल. सहा महिन्यांनी काढला तेव्हा तो गोल राहिला नव्हता, लंबगोल झाला होता. बाबा हसले. "वाकडा होईल म्हणूनच जाड ठेवला होता." मग त्यांनी तो पुन्हा खरादीवर चढवून हलक्या हाताने पुरता गोल केला.

काठाजवळ बोटभर भेग होतीच. त्यांनी ती आतून साफ केली, बारीक भुसा व वितळलेली लाख तिच्यात भरली, आणि घासून सारखी केली. आजही ती काळसर रेघ दिसते. पण ती पुढे वाढलेली नाही.

सुतारकामात हाच विचार जगभर आढळतो. जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) हे जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर. ते तरुणपणी पाँडिचेरीच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होते आणि १९६४ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही आले होते. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, केवळ वंशामुळे त्यांना कुटुंबासह छावणीत डांबण्यात आले. तेथे एका जपानी सुताराकडून त्यांनी हातकाम शिकून घेतले. पुढे त्यांच्या मेजांच्या फळ्यांत भेगा उघड्या दिसत. भेगेच्या आडवी फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर ते बसवीत. पाचर भेग झाकण्यासाठी नसते, दोन्ही बाजू धरून ठेवण्यासाठी असते.

गलती ६:१ मध्ये चुकलेल्याला सौम्यतेने पूर्ववत करण्यास सांगितले आहे. तेथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच मत्तय ४:२१ मध्ये कोळी आपली जाळी नीट करीत होते तेथे आले आहे. जाळे नीट करणारा फाटलेला भाग कापून फेकत नाही. दोन्ही कडा धरून विणतो. लगेच पुढच्या वचनात एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आहे. मंडळीने पाचर व्हावे, असाच याचा अर्थ नव्हे काय?

४. जो तुकडा फिरवला नाही

तिसऱ्या तुकड्याची भेग आरपार होती. बाबांनी तो बाजूला ठेवला. "हा वेगाने फिरवला तर फुटून कोणाच्या तरी तोंडावर येईल." दया म्हणजे डोळे मिटणे नव्हे. ज्याच्या पडण्याने लेकरांना किंवा दुबळ्यांना इजा होईल, त्याला क्षमा करावी, प्रीती करावी; पण ती जागा देऊ नये. तो तुकडा बाबांनी जाळला मात्र नाही. त्याचा पाट केला. पाटाला गरगर फिरावे लागत नाही.

२ तीमथ्य २:२०–२१ मध्ये मोठ्या घरात सोन्यारुप्याबरोबर लाकडाची पात्रेही आहेत, आणि पौल तेथे जोर देतो तो शुद्ध होऊन धन्याच्या उपयोगी पडण्यावर.

त्या बंधूकडे आम्ही पुन्हा गेलो. प्रथम क्षमा आम्ही मागितली. आता तो रविवारी सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या घालतो. दोन वर्षांनी आम्ही त्याला वर्गाविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "दादा, अजून थोडे वाळू द्या." आम्ही त्याला वाडग्याची गोष्ट सांगितली होती, हे त्याच्या लक्षात होते.

वर्गासाठी : ओल्या फांदीची एक चकती कापून चार-पाच दिवस उन्हात ठेवा आणि भेगा कोणत्या दिशेने पडतात ते मुलांना दाखवा.

चर्चेसाठी प्रश्न
१. यिर्मया १८ व १९ मधील दोन पात्रांत फरक कोणता?
२. आपल्या मंडळीत कोणाला घाईने पुढे केले गेले काय? त्याची जबाबदारी कोणाची?
३. क्षमा करणे आणि जबाबदारी सोपवणे यांत भेद का करावा?
४. या आठवड्यात आपण कोणाच्या घरी जाणे सोडले आहे, हे प्रत्येकाने मनात आठवावे, आणि जावे.